पहिलं बक्षीस मिळालेला डबा

मी डबा आहे, आणि मला बक्षीस मिळालेलं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण डब्याला बक्षीस मिळाल्याचं तुम्ही फारसं ऐकलं नसेल. पहिलं बक्षीस, अख्ख्या गावात! टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. फोटोत मी मधोमध आहे, निळा रंग दिलेला, गळ्यात झेंडूची माळ. बघणाऱ्याला वाटेल, काय नशीब काढलंय या डब्यानं. तो फोटो काढताना मी मनातल्या मनात ओरडत होतो, हे कॅमेऱ्यात येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि झालो मी. पाच लिटरचा, जाड अंगाचा, पेचाचं झाकण आणि खांद्याला धरायला एक मूठ. ही मूठ दिसते भरीव, पण आतून पोकळ आहे. तिचं वरचं टोक माझ्या पोटात उघडतं आणि खालचं टोक बंद आहे. कारखान्यात हे साऱ्यांना ठाऊक होतं. ज्या गावात मी पुढं राहिलो, तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग माझ्यात विष भरलं. कपाशीवरच्या अळीचं. अंगावर कागद चिकटवला, त्यावर चौकोनी लाल खूण, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सूचना: रिकामा झाल्यावर डबा फोडावा, जमिनीत पुरावा, पुन्हा कशासाठीही वापरू नये. म्हणजे माझं आयुष्य आधीच ठरलेलं होतं. एक हंगाम, मग खड्डा. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

बोरी अरबच्या एका कृषी केंद्रातून मला बबनरावांनी उचललं. जवळच्याच गावात त्यांची आठ एकर कपाशी आणि मधूनमधून तुरीचे तास, म्हणजे ओळी. ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. बोंड बाहेरून टणटणीत दिसायचं आणि फोडलं की आत सडका कापूस आणि गुलाबी अळी. लोक एकामागून एक डबे आणून फवारत सुटले होते. मला कुणी विष म्हणत नव्हतं. 'औषध' म्हणायचे. तोंडाला रुमाल गुंडाळून बबनरावांनी तीन फवारण्यांत मला रिकामं केलं आणि गोठ्यामागं भिरकावलं. अळी बोंडात होती तशीच राहिली.

"फेकता कायले?" मागून आवाज आला. "चांगला डब्बा हाये."

या विमलताई, बबनरावांच्या घरच्या. आता त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते सगळं चांगलंच आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

विमलताईंच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर जात नसे. भाजीची सालं बकरीला, बकरीनं टाकलेलं खताच्या खड्ड्यात. जुनं लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि पायपुसण्याच्याही चिंध्या झाल्या की चुलीवरचं भांडं उतरवायला फडकं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून त्यांनी मिरच्या वाळवायचं पटकूर शिवलं होतं. तडकलेल्या माठात कोथिंबीर पेरली होती. गावात सकाळी सकाळी कुणी प्लास्टिक जाळलं की ताई पदर नाकाला लावून थेट त्याच्या दारात उभ्या राहायच्या. "पेटवून कचरा जात नाई बाबू, आपल्याच छातीत जाते तो," असं म्हणायच्या. खोटं काय होतं त्यात? सरकारनं गाडी भरून माणसं पाठवली असती तरी त्यांना जे जमलं नसतं, ते ही बाई एकटी, कुणाला न सांगता करत होती. अशा बाईच्या हाती पडणं ही कुठल्याही डब्यासाठी भाग्याची गोष्ट. माझ्यासारखा डबा मात्र तिच्या हाती पडायला नको होता.

त्यांनी मला धुतलं. कसं धुतलं म्हणता! पहिल्या दिवशी राख आणि बारीक गिट्टी घालून खळाखळा हलवलं. दुसऱ्या दिवशी चिंचेचं पाणी. तिसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी. मग चार दिवस उन्हात उलटं टांगलं. अंगावरचा कागद चिकट दिसतो म्हणून काथ्यानं घासघासून काढला. माझ्याबद्दल खरं बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती, ती मोरीतून वाहून गेली.

मग त्यांनी मला नाकाशी धरलं आणि बबनरावांच्याही नाकाशी नेलं.

"येते का वास?"

"नाई बा. कायचाच नाई."

वास येणार कसा? मुठीच्या पोकळीत बोटभर विष राहिलं होतं, आणि राख-गिट्टीचा गाळ जाऊन नेमका तिच्या तोंडाशी घट्ट बसला होता. ताईंच्या मेहनतीनंच त्याला बूच लागलं. चूक म्हणावी तर एवढीच, की आपण इतकं मनापासून केलेलं काम अपुरं असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या तरी आलं असतं का?

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती. पंचायतीनं यंदा बायांची स्पर्धा ठेवली होती, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून कामाची वस्तू करायची. कुणी गोळ्याबिस्किटांच्या कागदांचं तोरण आणलं, कुणी टायरची कुंडी. विमलताईंनी मला नेलं. निळा रंग दिलेला, मुठीला हाताला रुतू नये म्हणून जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली, आणि पोटात थंडगार पाणी. ग्रामसेवकानं मला दोन्ही हातांनी वर उचललं.

"हा डबा फेकला असता तर शंभर वर्षं मातीत कुजला नसता," तो म्हणाला. "आणि ताईंनी याचं काय केलं पाहा! कशाचा होता ताई हा?"

"फवारनीच्या औषधाचा," ताई मोकळेपणानं म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. आता कुणीतरी उठणार. दोनशे माणसं बसली होती. त्यातली कितीतरी शिकलेली, कितीतरी त्याच आठवड्यात फवारणीनं चक्कर येऊन दवाखान्यात जाऊन आलेली. त्या वर्षी आमच्या भागात घरोघरी तेच चाललं होतं. कुणीतरी म्हणेल, अहो, त्यात पाणी? पण कुणी हललं नाही. टाळ्या पडल्या. ताईंना बक्षीस मिळालं, एक नवी प्लास्टिकची बादली. त्या आठवड्यात गावातल्या गोठ्यांमागून माझी कितीतरी भावंडं उचलली गेली, धुतली गेली, आणि ताईंनी घरोघरी जाऊन कौतुकानं धुण्याची रीत शिकवली.

दिवाळी झाली. शेतात वेचणीआधीची सीतादहीची पूजा मांडून दहीभात शिंपडला आणि वेचणी सुरू झाली. वेचायला पाच बाया यायच्या. घरच्यांचं पाणी स्टीलच्या कळशीत असायचं, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीच्या एका बाजूला. वेचणाऱ्या बायांचं पाणी माझ्यात, बाभळीच्या दुसऱ्या बाजूला. हे असं का, ते कुणी कुणाला विचारत नसे. विमलताईंनी कधी कुणाला कळशीला हात लावू नको म्हटल्याचंही मी ऐकलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं.

मला भरून आणायचं काम इंदूबाईंकडे होतं. त्या बौद्धपुऱ्यात राहायच्या. धर्मपाल, त्यांचे यजमान, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी प्रियंका यवतमाळला नर्सिंगचं शिकत होती. त्यांच्या घराजवळ नळाला सकाळी पाणी यायचं, म्हणून मी संध्याकाळी त्यांच्यासोबत घरी जायचो आणि सकाळी भरून शेतात यायचो. दिवसभर त्या मला मुठीनं तोलून एकेकीच्या ओंजळीत पाण्याची धार सोडायच्या. शेवटी स्वतः प्यायच्या. आणि संध्याकाळी तळाशी तांब्याभर उरायचं ते घरी जाऊन त्याच संपवायच्या. विमलताईंच्या शेजारी राबून राबून त्यांनाही ती सवय लागली होती. पाणी का फेकायचं?

दिवसातून पन्नास वेळा मी तिरपा व्हायचो. पन्नास वेळा मुठीतल्या गाळाला धक्का बसायचा. आठवड्याभरात तो सुटत गेला आणि आतलं थेंबथेंब बाहेर यायला लागलं. सकाळच्या पाण्यात थोडं, आणि खालच्या, शेवटच्या पाण्यात सगळ्यात जास्त. मला ते कळत होतं. मी काय करणार होतो? डब्याला थरथरता येत नाही. मी फक्त एक केलं, उन्हात तापल्यावर पाण्याला जरा कडवटपणा दिला.

"पानी कडू लागून राह्यलं का वं?" एक दिवस एकीनं विचारलं.

"नव्या रंगाचा वास असन," इंदूबाई म्हणाल्या.

आणखी आठ-दहा दिवसांत इंदूबाईंचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांतून पाणी यायचं. वेचताना बोटं आपोआप आखडायची, आणि त्या बोंडाऐवजी पानाला हात घालायच्या. ऊन लागलं असेल म्हणून त्या आणखी पाणी प्यायच्या. हे लिहिताना, म्हणजे बोलताना, मला माझीच घृणा येते. ती बाई बरं वाटावं म्हणून माझ्याकडे येत होती.

एका रविवारी सकाळी प्रियंका घरी आली तेव्हा आई ओट्यावर बसून ओकत होती. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ. प्रियंकानं आईची पापणी वर केली आणि तिचा चेहराच उतरला. आईची बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्या हंगामात वॉर्डात तिनं असे डोळे कितीतरी पाहिले होते, पण ते सगळे फवारणाऱ्यांचे होते.

"आई, तू फवारनी करून राह्यली का?"

"मी कायले फवारीन? मी तं वेचतो."

"मग काय खाल्लं? कायचं पानी पेली?"

इंदूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. प्रियंकानं मला उचललं, उलटं केलं, मुठीवरची साडीची पट्टी फराफरा सोडली. पट्टीखाली रंग पोचला नव्हता, आणि काथ्याही. तिथं कागदाचा नखाएवढा तुकडा राहिला होता. लाल चौकोनाचा एक कोपरा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वाचलं.

इंदूबाई पाच दिवस यवतमाळला दवाखान्यात होत्या. सुया टोचल्या, सलाईन लावलं, आणि त्या वाचल्या. घरी आल्या त्याच सकाळी प्रियंकानं विळा घेतला आणि टोक माझ्या कुशीत खुपसलं. मला दुखलं असं तुम्हाला वाटेल. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. आता पुरा मला, मी म्हणत होतो, खड्डा खणा आणि पुरा.

"मी आत्ताच विमलताईच्या घरी जातो," प्रियंका म्हणाली. "गावात असे किती डबे हायेत मालूम हाये का तुले?"

"तू नको जाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "तुया तोंडाची ताईले सवय नाई. अजून दोन वेचन्या बाकी हायेत, पुढच्या साली बी तिच्याच वावरात जाचं हाये मले. मी सांगतो बरोबर. मायं ऐकते ते."

प्रियंकाला दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. "शपथ घे," ती म्हणाली. इंदूबाईंनी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या निघाल्या. वाटेत त्या पुटपुटत होत्या. ताई, राग नका मानू. ताई, तुमी मनानं केलं, पन. ताई, डाक्टर म्हने. वाक्य जुळत नव्हतं. पण त्या सांगणार होत्या, याबद्दल मला शंका नव्हती.

विमलताईंनी त्यांना पाहिलं आणि हातातलं सूप टाकून धावत आल्या. "अवं इंदू, कशी झाली वं तू! हड्डी दिसून राह्यली." त्यांनी इंदूबाईंना ओसरीत बसवलं, गरम भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी पुढं ठेवली. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. इंदूबाईंनी दोन घास खाल्ले आणि पिशवीतून मला काढलं.

"ताई, हा डब्बा..."

"फुटला का वं? मंग एवढी भेतं कायले! थांब."

बोलायला जागाच मिळाली नाही. ताईंनी विळ्याचं टोक चुलीत तापवलं, दुधाच्या जाड पिशवीचा तुकडा कापला, आणि त्या छिद्रावर ठेवून तापलेल्या लोखंडानं डाग दिला. चर्र झालं. त्यांनी पाणी घालून पाहिलं. थेंब गळला नाही.

"घे. आता धा वर्स काई होत नाई."

"ताई," इंदूबाई खाली बघून म्हणाल्या, "प्रियंका म्हने का त्या डब्यातलं औषध... पान्यात..."

ताईंचा हात थांबला. "मी तीन डाव धुतला तो, इंदू. चिंच, राख, सोडा. तुया डोळ्यांपुढं वाळत होता. फवारा अंगावर आला तं बाधते, धुतलेला डब्बा कायले बाधीन? अख्ख्या गावानं पाह्यला, बक्षीस देल्लं." आणि मग एकदम बारीक आवाजात, "मी तुले जहर पाजीन का वं?"

मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना राग आला नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि रडायच्या बेतात होत्या. इंदूबाईंनीही पाहिला.

"नाई ताई," इंदूबाई म्हणाल्या. "डाक्टरलेच समजलं नाई. उन्हानं झालं असन."

त्यांना मी दोष देत नाही. द्यायला मी कोण? पण त्या दिवशी ओसरीत दोन मुके होतो, आणि त्यांपैकी एकाला तरी तोंड होतं.

शपथ मोडली होती, पण इंदूबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या परीनं लढाई सुरू केली. सकाळी मला भरून निघायच्या आणि वाटेत नाल्यापाशी मी त्यांच्या हातून 'निसटायचो'. शेतात त्या रिकामा डबा घेऊन पोचायच्या. "हातात जोरच नाई राह्यला ताई," म्हणायच्या. कधी मी भरलेला पोचलोच, तर दुपारी कुणी ओंजळ पुढं केली की धार बाजूलाच पडायची, काळ्या मातीत. बाया वैतागल्या. तहानेनं जीव जातो आणि ही बाई पाणी सांडते!

एकदा लालीबाईला, तांड्यावरून वेचायला येणाऱ्या बाईला, त्यांनी तासातून चालता चालता हळूच सांगितलं, "नको पेऊ वं त्यातलं. जहर हाये."

लालीबाई हसली. "माया घरी बी तसेच दोन हायेत. तूच पेलीस का? आमी सारेच पेलो. आमाले तं काई झालं नाई."

"मायं ऐक, खालचं पानी मी पेत होतो..."

"बरं, नाई पेत. मंग काय पेऊ? कळशीतलं?"

इंदूबाईंनी बाभळीकडे पाहिलं. कळशी तिथं होती, तिच्यावर पितळी गडवा पालथा घातलेला. मग त्या पुन्हा वेचायला वाकल्या.

आठवडाभर हे असं चाललं. मग विमलताईंनी इंदूबाईंच्या हातून मला काढून घेतलं. कशा? अगदी मायेनं. "तुया हातात अजून ताकद नाई, इंदू. तू फक्त वेच. पानी लालीबाई देईन." त्या दिवसापासून मी तांड्यावर जातो, तिथून भरून येतो. इंदूबाईंच्या हाती मला सांडण्याएवढीही सत्ता उरली नाही.

आता त्यांनी काय केलंय, तर थंड पेयाची एक जुनी बाटली धुऊन घेतलीय. ती घरून भरून आणतात आणि तासात शेजारी वेचणाऱ्या बायांना आधी तीच पुढं करतात. घोट घोट करून सगळ्यांची पहिली तहान त्या भागवतात, म्हणजे माझ्याकडे कमी याव्यात. एका बाटलीत पाच बाया. बारा वाजायच्या आत ती संपते.

मी आज बाभळीखाली उभा आहे. माझ्या मुठीत अजून किती आहे, मला नक्की सांगता येणार नाही. थोडंच असेल. कदाचित कुणाला काहीच होणार नाही. कदाचित लालीबाईचं कालपासून दुखणारं डोकं खरंच उन्हाचं असेल. हे 'कदाचित' फार वाईट आहे, कारण त्याच्याच आधारानं मी इथं उभा आहे आणि गावभर माझी भावंडं उभी आहेत.

तुम्ही वाचणारी माणसं आहात, म्हणून तुम्हाला एवढं मागतो. विमलताईंसारखं जगा. काही फेकू नका, जाळू नका, लुगड्याची गोधडी करा, सालांचं खत करा. फक्त हातातली वस्तू आधी काय होती, ते एकदा विचारा. आणि ज्याच्यात विष होतं त्या डब्याला लळा लावू नका. त्याला फोडा. कुणी प्रेमानं दिला असला तरी फोडा, देणाऱ्यासमोर फोडा. त्याचं मन दुखेल. दुखू द्या.

कपाशीची रांग बाभळीपाशी आलीय. ऊन डोक्यावर आहे. बायांनी पदराच्या ओट्यातला कापूस गाठोड्यात टाकला. लालीबाईनं माझी मूठ धरली, एकेकीच्या ओंजळीत धार सोडली, स्वतः प्यायली. मग ती इंदूबाईंकडे वळली. त्या तासातच उभ्या होत्या, ओठ कोरडे पडलेले, रिकामी बाटली कमरेला खोचलेली. पलीकडे विमलताईही बघत होत्या.

"ये वं इंदूबाई. पानी घेतं का?"

इंदूबाईंनी एक बोंड वेचलं. मग दुसरं.

"मले ताहान नाई," त्या म्हणाल्या.